रिअ‍ॅक्टरपुढचा निकाह

"कबूल हाय?"

रोज सकाळी रिअ‍ॅक्टरच्या पोटावर अंगठीने टकटक करून आमचे ऑपरेटर चाचा हा प्रश्न विचारत. रिअ‍ॅक्टर म्हणजे पोलादाची एक उंच टाकी, ती काय बोलणार. चाचा तिला कान लावत, मान हलवत आणि मला सांगत, "लाजतेय. उद्या विचारू."

आमचा कारखाना आगरदांड्याला, खाडीला लागून. तिथे काय चालतं ते मी पाहुण्यांना पडद्यावर चित्रं दाखवून समजावी आणि पाहुणे जांभया देत. मग चाचा पुढे येत. "हा नवरा, कार्बन डायऑक्साइड. धुराड्यातून पकडून आणलाय. ही नवरी, हायड्रोजन. उन्हाच्या विजेनं पाणी फोडून काढलीय, लई चंचल. निकाह लागला की विमानाचं तेल."

"आणि उत्प्रेरक?" मी मुद्दाम विचारी.

"तो काझी. लग्न लावतो, बिर्याणी खातो, आला तसा घरी जातो."

एकदा एका पाहुण्या बाईंनी मेहरचं, म्हणजे निकाहात नवरीला द्यायच्या रकमेचं, विचारलं. चाचा गंभीर झाले. "वीज. नवरी लई मागते."

पण लग्न काही जमत नव्हतं. रिअ‍ॅक्टरमधून कधी मेण निघे, कधी नुसतं पाणी. मुंबईचे वरिष्ठ म्हणाले, पावसाळ्याच्या आत तेल दाखवा, नाहीतर टाळं. मला कुठेही नोकरी मिळाली असती. चाचांना मिळणार होती ती आखातातली. तिथल्या रिफायनरीत त्यांची तरुणपणापासूनची वर्षं गेली होती आणि चाचीची दिघीला, वाट बघण्यात. आता कुठे ते रोज फेरीबोटीने खाडी ओलांडून घरी जेवत होते. दोरीने बांधलेली आखाती बॅग मात्र कपाटावर तशीच होती. चाची दोरी सोडू देत नव्हती.

"आधी तुमचं तेल निघू दे," ती म्हणे, "मग हिच्यात मी कांदे भरीन."

एका दुपारी चाचा बाटली घेऊन प्रयोगशाळेत आले. चेहरा उतरलेला. "परत पाणी."

"कशावरून?"

"वास न्हाय. तेलाला वास असतो, भाऊ. हे नाक रिफायनरीत पिकलंय." आणि त्यांनी बाटली मोरीवर कलती केलीसुद्धा. मी झडप घातली. आत पाण्याचा एक थेंब सोडला. थेंब तळाला जाऊन गोळीसारखा बसला.

तेलच होतं ते. जमिनीतून उपसलेल्या तेलात गंधक आणि कसली कसली घाण असते, वास तिचा. आमच्या तेलात ती घाण नव्हतीच. त्या पिकलेल्या नाकापायी आमचं पहिलं तेल मोरीत जाणार होतं. चाचा तडक रिअ‍ॅक्टरकडे गेले आणि दुखावल्या आवाजात म्हणाले, "बोलायचं तरी होतंस."

घरी चाचीने बाही हुंगली. "तेल काढलंत म्हणता, मग वास कुठाय? दिवसभर कुठं होतात?" मीही दिघीचाच, म्हणून साक्षीला मला नेलं. तिने माझीही बाही हुंगली. पुढे सगळ्या तपासण्यांत तेल पास झालं, तेव्हा कुठे बॅग खाली आली आणि तिच्यात कांदे गेले.

आता नशिबाचा खोडसाळपणा बघा. तेल जमलं म्हणूनच आखातातल्या एका कंपनीने असाच मोठा कारखाना काढला आणि शिकवायला माणूस मागितला. चाचांनाच. त्या आठवड्यात त्यांनी रिअ‍ॅक्टरला काहीच विचारलं नाही.

मग एका संध्याकाळी बोटीत चाचीही होती, बाजाराची पिशवी मांडीवर घेऊन. मी मागच्या बाकावर, कान टवकारून.

"या वेळी जोडीनं बोलावलंय," चाचा म्हणाले. "घर देतायत."

चाची पाण्याकडे बघत राहिली. चाचांनी बोटीच्या कठड्यावर अंगठीने टकटक केली. "कबूल हाय?"

तिने पिशवीतली कोथिंबीर सारखी केली.

"कबूल हाय?"

दिघीचा धक्का जवळ आला. लोक उठू लागले. चाचांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. "बेगम, कबूल हाय?"

"खिडकीची जागा माझी," चाची म्हणाली.

अधूनमधून आखातातून त्यांचा फोन येतो. बॅगेचा कांद्याचा वास अजून जात नाही, अशी तक्रार करतात. मी रोज रिअ‍ॅक्टरवरून जातो. अंगठी मी घालत नाही. आजूबाजूला कुणी नसलं की खिशातली चावी काढतो, टकटक करतो आणि कान लावतो.