शेतातली माती काचेत

माशांच्या टाकीतलं ज्याला काही कळत नाही तो माणूस आधी टाकीखालचं कपाट निवडतो. मग दिवा, मग मासे. तळाला काय घालायचं हा प्रश्न त्याला सगळ्यात शेवटी पडतो, आणि पडला की तो घरच्या सोफ्याचा रंग आठवून उत्तर देतो. निळी खडी द्या. गुलाबी खडी द्या. आणि त्यात खरी झाडं लावा. पांढरकवड्याला चाचांच्या काचेच्या दुकानात हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता गिऱ्हाईक पायरी चढत असतानाच मला त्याच्या टाकीचा तळ दिसतो. एका बाईंनी तर कोकणातून, म्हणजे माझ्याच गावाकडच्या किनाऱ्यावरून, पिशवीभर शिंपले वेचून आणले होते. "नॅचरल दिसते ना दादा?" शिंपला पाण्यात विरत जातो, पाणी जड होतं, आणि इकडचं बोअरचं पाणी आधीच असं जड की बादलीला आतून पांढरं कडं धरतं. हे सगळं मी मनात म्हणालो. तोंडाने म्हणालो, "हो ताई, छान दिसेल."

माझं तोंड हे असं होतं.

मी शाळा सातवीत सोडली. हायवेच्या कामावर टोळीबरोबर इकडे आलो आणि कावीळ झाली. टोळी पुढे गेली, मी चाचांच्या दुकानासमोरच्या ओट्यावर पिवळे डोळे घेऊन बसून राहिलो. चाचांनी जात, गाव, काही विचारलं नाही. चाचींनी महिनाभर बिनतेलाची खिचडी पाठवली. बरा झालो तेव्हा चाचांनी काच उचलायचे हातमोजे पुढे टाकले, एवढंच. घरी परत जावं असं माझं तिकडे काही उरलं नव्हतं. त्यामुळे दुकानात एखादं गिऱ्हाईक नुसतं आवाज चढवून बोललं तरी मला वाटायचं, आता इथूनही गेलो.

चाचा खिडक्यांच्या काचा कापतात, फोटोला फ्रेमा करतात, आणि सिलिकॉनने काचा चिकटवून माशांच्या टाक्या जोडतात, थोडे मासेही विकतात. टाकीच्या तळाचं त्यांचं शास्त्र चार ओळींचं आहे. नाल्याची रेती आणायची. पिठाच्या चाळणीतून जे खाली पडेल ते फेकायचं, जाड रव्यासारखं वर राहील ते ठेवायचं. घमेल्यात घालून पाणी नितळ येईपर्यंत धुवायची. मग चमचाभर रेतीवर ॲसिडचा थेंब टाकायचा. फेस आला तर तिच्यात चुना आहे, ती गिलाव्याला, नाही आला तर टाकीला. मागे चार बोटं थर, पुढे दोन. झाडाची मुळं तिच्यात धरतात आणि पाणी आरशासारखं राहतं.

एकदा एक साहेब आले, शेतीखात्यातून रिटायर झालेले. नवं घर, मोठा हॉल, चार फुटी टाकीची ऑर्डर. टाकी बसवायला मी एकटा गेलो. रेतीचं पोतं उतरवलं तर ते हसले.

"हे काय हाये?"

"रेती साहेब. तळाला."

"रेतीत झाड लावतं काय बे? कितवी शिकला तू?"

"सातवी."

"मंग राहू दे."

मारेगावकडे त्यांचं शेत. तिथली काळी माती त्यांनी पोतंभर आणून ठेवली होती. ती त्यांनी मुठीत घेऊन मला अशी दाखवली, जणू त्यांनीच बनवली होती. "हिच्यात डोक्याएवढा कापूस येते. अन् तुह्या त्या गवताले रेती पायजे?" या भागात प्रत्येकाला आपल्या काळ्या मातीचा असा गर्व आहे, ती पाण्यात किती फुगते हे पावसाळ्यात त्यांच्याच चपलांना चिकटून त्यांना सांगत असते, तरी.

मातीत त्यांनी शेणखत कालवलं आणि ती टाकीच्या तळाला पसरली. मग आतून एक पुडी आणली आणि मूठभर पांढरे दाणे वरून पेरले.

"साहेब, ते काय?"

"युरिया. बेसल डोस देल्याशिवाय पीक उभं राह्यते का?"

त्यांच्या मॅडम दारात उभ्या होत्या. "आवो, घरातच वावर पेरून राह्यले का तुम्ही?"

"तुले नाही समजत त्यातलं."

मला समजत होतं. युरियाचं पाण्यात विष होतं हे मी जाणत होतो. मी मातीवर ताटली ठेवून तिच्यावर पाणी सोडलं, झाडं खोचली, मान हलवली, आणि दुकानात येऊन चाचांना सांगितलं, "बसली टाकी." साहेबांची मला चीड आली होती, पण ती मी आतल्या आत ठेवली. आतल्या आत सगळेच शूर असतात.

दुसऱ्या दिवशी वास्तुशांतीचे पाहुणे येणार म्हणून त्यांनी दुकानातून मासे नेले. तिसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः आले, आणि पायरीवरूनच सुरू झाले. पाणी वरणासारखं झालं, मासे सगळे उलटे, पाहुण्यांसमोर शोभा झाली. "काय सिलिकॉन वापरता तुम्ही चाचा? त्याचंच जहर उतरलं. साऱ्या गावाले सांगतो मी."

माती, शेणखत, युरिया यांचं नाव नाही. माणूस एवढा शिकून असा वागू शकतो याचं मला त्या दिवशी नवल वाटलं. आता वाटत नाही.

साहेब गेल्यावर चाचांनी सिलिकॉनची ट्यूब हातात घेतली, वास घेतला, थोडं काचेवर काढून बोटाने दाबून पाहिलं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही त्यांनी एक टाकी जोडली नाही. गिऱ्हाइकाला म्हणाले, "थोडं थांबा, मटेरियलमध्ये गडबड हाये." चाचींना फोनवर सांगताना मी ऐकलं, नवीन कंपनीचा माल घेतला, माझीच चूक.

मी रेती धूत होतो. तीच तीच रेती. खरं बोललो तर मी बघत उभा होतो हेही बोलावं लागणार, आणि मग हातमोजे खाली ठेवावे लागणार. दुसऱ्या दिवशी दुपारी चाचांनी तयार झालेली एक टाकी फोडायला बाहेर काढली.

"चाचा, फोडू नका. सिलिकॉनचं नाही ते. साहेबांनी युरिया टाकला मातीत."

"तुले कोनं सांगितलं?"

"माझ्यासमोर टाकला."

चाचांनी टाकी आत ठेवली, ॲसिडची बाटली माझ्या हातात दिली आणि स्कूटर काढली.

साहेबांच्या हॉलमध्ये चाचा सोफ्यावर बसले नाहीत. "साब, हा बोलंल," एवढं म्हणाले.

मी सगळं बोललो. युरिया, शेणखत, फुगणारी माती, तिच्यातला चुना. साहेब म्हणाले, "पस्तीस वर्सं सर्विस केली मी. तू मले माती शिकवतं?" पोत्यात उरलेली माती होती. मी मॅडमकडून बशी मागितली, चमचाभर माती घातली, वर ॲसिडचा थेंब सोडला. चर्र आवाज आला आणि बशीभर फेस उठला.

मॅडम वाकून बघत होत्या. "अगं माय! हे तर सोड्यासारखं उकळून राह्यलं."

"चुनखडी हाये ते," साहेब म्हणाले. "मले माहीत हाये."

"माहीत हाये तं टाकीत कायले टाकली?"

साहेबांनी मोबाइल काढला आणि त्यात बघायला लागले. चिखल मी आणि चाचांनी बादल्यांनी उपसला. रेती भरली. सिलिकॉनबद्दल साहेब एक शब्द बोलले नाहीत. पुढे कळलं की आलेल्या-गेलेल्याला ते सांगतात, रेती मीच सुचवली. सांगू देत. अशा माणसाकडून माफीची अपेक्षा करणं म्हणजे निळ्या खडीत झाड लावणं.

परत येताना केळापूरच्या फाट्याला चाचांनी स्कूटर थांबवली. मला वाटलं, इथेच उतर म्हणतील. मी उतरलोही.

"कायले उतरला?"

"मला वाटलं, तुम्ही..."

"दोन दिवस मी माह्या हातावर शक करत राह्यलो, बेटा. तीस वर्सांचा हात. अन् तू बाजूले बसून रेती धूत होता."

मी मान खाली घातली. साहेबांना शिव्या देण्यासाठी माझ्याकडे खूप शब्द होते. यासाठी एकही नव्हता.

"बस मागं," चाचा म्हणाले. "ते टाकीवाले गिऱ्हाईक थांबून असतील."