मनाची सुट्टी आणि मेहकरचे करदाते

मेहकरात टॅक्स भरणारे पुष्कळ असतील, पण करदाते एकच, पाइपवाले अर्जुनराव. गिऱ्हाइकाकडून घेतलेला जीएसटीसुद्धा त्यांना आपल्या खिशातून केलेलं दान वाटतो. त्यामुळे रस्त्यावरचा खड्डा, बसस्थानकातला बंद पंखा आणि तहसीलदारांची खुर्ची या सगळ्यांचे ते मालक. मालकाला शोभेल अशा आवाजात ते दिवसभर दुकानातून राज्याचा कारभार हाकतात.

त्यांचे हक्काचे नोकर म्हणजे रमाकांतकाका. पाटबंधारे खात्यातले निवृत्त कारकून, तेही जुन्या पेन्शनवाले. रोज सकाळी फुकटचा पेपर वाचायला दुकानात येतात.

"या काका, माह्याच पैशावर जगून राह्यले तुमी," अर्जुनराव स्वागत करतात. "सरकार कर्जात बुडालं, अन तुमचं पेन्शन वाढतेच. थांबन कधी हे?"

"मी मेलो की थोडं थांबन," काका पान उलटत म्हणतात. "बाकीचं तुमच्या काकूले द्या लागन. चहा सांगा."

यंदा या दुखण्यात भर पडली. गावातल्या अनुदानित शाळेने वर्षातून दोन दिवस 'मनाची सुट्टी' सुरू केली. मुलाचं मन ठीक नसेल तर पालकांनी फोनवर तसं सांगायचं, बस्स. अर्जुनराव पालकसभेत उभेच राहिले. "मास्तरचा पगार आमच्या टॅक्सातून, अन पोट्टे घरी? हे मेंटल सुट्टी हाये. माह्या घरातलं कोनी घेनार नाई."

टाळ्या पडल्या. नावही पडलं. मेंटल सुट्टी मागायची मग कोणाची छाती होईना.

अर्जुनरावांची एकुलती लेक गार्गी त्याच शाळेत दहावीला. सराव परीक्षा जवळ आली तशी ती सकाळी खाल्लेलं उलटून टाकू लागली. रात्री पुस्तकाच्या एकाच पानाकडे बघत बसायची. डॉक्टरांनी पोट तपासलं आणि ठणठणीत असल्याचं सांगितलं. एका सकाळी ती गणवेश घालून पलंगावर बसली ती उठेचना.

"बाबा, आज नाई जमत मले," एवढंच म्हणाली.

ओरडायला उघडलेलं तोंड अर्जुनरावांनी तसंच मिटलं.

"शाळेत फोन करा," बायको पुष्पांजली म्हणाली. "सभेत तुमीच बोलले होते, आता बी तुमीच बोला."

दुकानात काका पेपर वाचत होते, बीबी गावाहून आलेले दोघे शेतकरी ठिबकच्या नळ्या बघत होते. अर्जुनरावांनी कोपरा गाठून मुख्याध्यापिकांना फोन लावला.

"गार्गी येत नाई आज. पोट दुखते तिचं."

"मग डॉक्टरचं सर्टिफिकेट पाठवा."

डॉक्टर काय लिहून देणार? पोट ठणठणीत आहे म्हणून?

"मंग ताप लिहा."

"तापालाही सर्टिफिकेट लागतं, अर्जुनराव. मनाच्या सुट्टीला तेवढं काही लागत नाही."

अर्जुनरावांनी गिऱ्हाइकांकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. "तेच लिहा मंग," ते पुटपुटले.

"आवाज येत नाही. काय लिहू?"

"मन बरं नाई माह्या पोरीचं."

हे वाक्य त्यांच्या नेहमीच्या आवाजात निघालं, म्हणजे निम्म्या बाजारपेठेला ऐकू गेलं. बीबीवाल्यांनी नळी खाली ठेवली. काका आता सगळं व्याजासकट फेडणार, म्हणून अर्जुनराव मान खाली घालून उभे राहिले.

काकांनी चष्मा काढून पुसला. "दोन दिवस मिळतात ना? मंग उद्याचा बी घ्या. मी बी टॅक्स भरतो, पेन्शनीवर. मायी काई हरकत नाई."

दुपारी अर्जुनराव घरी जेवायला आले. गार्गी गणवेशातच गाढ झोपली होती. पुष्पांजली चटणीसाठी मिक्सर लावायला निघाली, तर करदात्याने तिचा हात धरला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्याशी कुजबुजत बोलला, "राहू दे वं. कोरडीच खातो भाकर."