लाल फडक्याची मडकी

दर पावसाळ्यात आमच्या लेआउटच्या, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वसाहतीच्या, मोकळ्या जागेत साहेब लोक येतात, खड्ड्यात रोप ठेवतात, फोटो काढतात आणि जातात. पुढे ते रोप जाणे आणि ऊन जाणे. वर्धा जिल्ह्यातलं ऊन म्हणजे काय, ते मे महिन्यात इथं राहून पाहा, मग माझ्याशी बोला.

काही वर्षांपूर्वी आम्ही बायकांनी ठरवलं, आता रोपं मरू द्यायची नाहीत. पालिकेत जाऊन टँकर मागितला. तिथल्या साहेबांनी सांगितलं, झाडांच्या पाण्यासाठी बजेटमध्ये हेड, म्हणजे खर्चाचं खातं, नाही. स्वागत कमानीला हेड होतं, कमानीवरच्या रंगीत दिव्यांना होतं, पाण्याला नव्हतं. माझं डोकं असं फिरलं की घरी येऊन नवऱ्यालाच सगळं ऐकवलं. जशी काही ती कमान त्यानंच बांधली होती.

मग आम्ही मडकी पुरली. आमच्याकडे दर उन्हाळ्यात नवा माठ घेतात आणि जुना अडगळीत जातो. ते जुने माठ गोळा केले, बुडाला बारीक भोक पाडून त्यात चिंधीची वात घातली आणि एकेका झाडाशेजारी एकेक गळ्यापर्यंत पुरला. भरून ठेवला की पाणी मुळाशी हळूहळू झिरपत राहतं. रोज सकाळी जिची तिनं बादली आणायची. चार उन्हाळे असे काढले, झाडं माझ्या डोक्याच्या वर गेली.

यंदा डासांचा बोभाटा झाला म्हणून मडक्यांच्या तोंडाला फडकं बांधायचं ठरलं. माझं साडी-मॅचिंगचं दुकान आहे. लाल अस्तराचा एक तागा कोणी घेत नव्हतं, त्यातले तुकडे फाडून मी वाटले. अक्षय तृतीयेला आपण पितरांच्या नावानं घागर भरतोच, तर प्रत्येकीनं आपलं मडकं आपल्या गेलेल्या माणसाच्या नावानं भरलं आणि त्याला हळद-कुंकू लावलं. माझं सासूबाईंच्या नावाचं, करंजाखाली. त्या भर उन्हात दारावर आलेल्या कोणालाही पाणी पाजल्याशिवाय जाऊ देत नसत.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. आमच्या नाही आलं.

आठवड्याभरात जेसीबी आला. जागेचं सुशोभीकरण मंजूर झालं होतं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सिमेंटचे गट्टू बसवून जमीन झाकायची, मधोमध सेल्फी पॉइंट. झाडं नंतर कुंड्यांत लावून देऊ म्हणाले. कडुनिंब आणि करंज, कुंडीत. कपाळ माझं. आम्ही धावत पोहोचलो तोवर जेसीबीनं एका मडक्याभोवतीची माती ओढली होती. ड्रायव्हरनं खाली पाहिलं तर पुरलेलं मडकं, लाल फडकं, कुंकू. उडी मारूनच उतरला तो.

"साहेब, मी हात लावत नाई. कोणं तरी करणी करून ठेवली इथं. माह्या घरी लेकरं हायेत."

इंजिनिअर साहेबही दोन पावलं मागे सरकले. काम थांबलं.

शेजारचे भाऊजी पुलगावच्या डेपोतून रिटायर झालेले, या भांडणात आम्हा बायकांच्या बाजूचे. ते मला हळूच म्हणाले, "वहिनी, चूप राहा. भेवानं का होईना, झाडं वाचून राह्यली ना." मलाही पटलं. त्या दिवशी मी मस्त हसले, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी पाणी भरायला मी एकटीच. समोरची मैत्रीण रोज सगळ्यांच्या आधी बादली घेऊन यायची, ती फाटकाच्या आतूनच बोलली.

"आमच्या सासूबाई नाई म्हणून राह्यल्या. त्यातलं एखादं खरंच कोणं ठेवलं असन तं?"

"अवं, तुह्या हातानं पुरलं ना तू."

"माह्यं मी पुरलं. बाकीच्याईचं कोण सांगावं?"

आता बोला. चार-पाच दिवसांत मडकी कोरडी पडली. मी एकटी किती वाहणार? करंजाची पानं मलूल होऊन लोंबायला लागली. भीती ठेवली तर झाडं तहानेनं मरणार आणि भीती घालवली तर जेसीबी येणार. मी झाडाखाली बसून रडले, रागानं रडले.

मग एका सकाळी इंजिनिअर साहेब ड्रायव्हरला आणि एका लिंबूवाल्या बाबाला घेऊन आले. बाबाला कोणत्या हेडातून आणलं, ते विचारायचं राहून गेलं. सगळा लेआउट कंपाउंडवरून पाहत होता. बाबानं लिंबू काढायच्या आत मी घरून एक बादली आणि पेला घेऊन गेले. सासूबाईंच्या मडक्याचं फडकं सोडून पाणी ओतलं, त्यातलंच पेलाभर काढलं आणि सगळ्यांसमोर घटाघटा प्याले. पाण्याला मातीची चव होती.

"माह्या सासूच्या नावाचं पाणी हाय हे," मी म्हटलं, "आन फडकं माह्या दुकानातलं. करणी-बिरणी काई नाई."

ड्रायव्हर माझ्याकडे बघत राहिला आणि हसला. "मंग आधी काऊन नाई सांगतलं, काकू?" म्हणाला, वर चढला आणि मशीन सुरू केली.

हेच होणार होतं, मला माहीत होतं. मी मडक्याशेजारी मांडी घालून बसले.

तेवढ्यात समोरचं फाटक वाजलं. मैत्रीण बादली घेऊन आली, माझ्याकडे न बघता कडुनिंबाखाली गेली, फडकं सोडलं, पाणी ओतलं आणि तिथंच बसली. तिच्यामागून तिच्या सासूबाई आल्या, हातात तांब्या. मग एकेक करत प्रत्येक मडक्याशी एक बाई होती आणि जेसीबीला जायला वाट नव्हती.

"ताई, सरका. फंड वापस जाईन," साहेब म्हणाले.

"जाऊ द्या," तांब्यावाल्या सासूबाई म्हणाल्या. "पाण्याचं हेड निघालं का मंग सांगजा."

गट्टूंचा ढीग अजून कोपऱ्यात पडून आहे. बादल्या टेकवायला बरा पडतो. पुढच्या वर्षी मंजुरी घेऊन पुन्हा येऊ, असं साहेब सांगून गेलेत. येऊ द्या. पुढच्या अक्षय तृतीयेलाही कुंकू लावणार आहोत आणि फडकं लालच बांधणार आहोत. दुकानात तागा अजून शिल्लक आहे.