काकाच्या नावाची थाळी

मंडळी, आज माळा साफ करताना काकाची स्टीलची थाळी सापडली.

काका ट्रक चालवायचा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मुंबईत एड्सचं निदान झालं आणि तो लाखनीला घरी आला. आईनं लगेच एका थाळीवर त्याचं नाव कोरून आणलं.

"पाय वो पोरी, वहिनीनं माह्या नावाची थाळी आणली!" तो खूश होता. ती आमच्या ताटांत मिसळू नये म्हणून नाव होतं, हे मला माहीत होतं.

आता मी भंडाऱ्यात एचआयव्हीबाधितांच्या घरी जाते. सोबत जेवल्यानं काही होत नाही, असं घरच्यांना समजावते.

आज ती थाळी तीनदा घासली, भात वाढला. घास काही उचलवला नाही.

उद्या इथल्या जवळच्या शहापूरला एका घरी जायचंय. कोणत्या तोंडानं समजावू, सांगा?