एकट्यालाच झालं नाही

डबीवाले सर कुणाला "कसे आहात?" असं विचारत नसत. "पोट कसं हाये?" हाच त्यांचा रामराम. पिशवीत झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्या. कुठल्याही वसतिगृहात उलट्या-जुलाबाची साथ आली, की नमुने घ्यायला सर हजर. अमरावतीच्या एका कॉलेजात ते सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. मी त्यांचा प्रयोगशाळा सहायक.

उलट्या-जुलाबाची साथ पसरवणारा नोरोव्हायरस हा त्यांचा जन्माचा वैरी. "गोवर झाला का जन्माची सुट्टी भेटते. याची नाही भेटत. शरीर याले ओळखते, अन् थोड्याच वर्षात इसरते. तवरक हा दुसरं तोंड घेऊन येते. मंग लस कोनत्या तोंडासाठी बनवाची, सांग!" सर हसत, मला धडकी भरे. माझ्या हातात सॅनिटायझर दिसलं की टोमणा ठरलेला, "अत्तर लावून राहिला का बे? यानं तो मरत नाही. साबन घे!"

निवृत्त झाल्यावरही त्यांनी अचलपूर रस्त्यावरच्या शेतात दरवर्षीची रोडग्यांची पंगत ठेवली. आदल्या दिवशीपर्यंत मला उलट्या होत होत्या. मागच्याच वर्षी गावी असताना, सरांच्या नकळत, नोरोव्हायरस होऊन गेलेला; तो इतक्यात परत होणार नाही, हे साधं अपचन असेल, अशी मी मनाची समजूत घातली. सरांनी पोटाचं विचारलं. "एकदम बेस, सर." गोवऱ्यांच्या निखाऱ्यांतून काढलेले कणकेचे रोडगे तुपात कुस्करायचा मान दरवर्षी माझा, तो मला सोडवेना. विहीर लांब होती. मी हातांना सॅनिटायझर चोळलं.

दुसऱ्या संध्याकाळपर्यंत निम्मी पंगत आडवी झाली. सरांची किडनी आधीच दुबळी. दवाखान्यात सलाईन चालू असताना त्यांनी विचारलं, "तुले काहीच नाही झालं?"

"नाही, सर."

त्यांचे डोळे चमकले. "अबे, काही लोकायच्या आतड्यात याले शिरायले दारच नसते. जन्मापासून! तू त्यातलाच हाये, लेका. रक्त दे."

मी हात पुढे केला. रक्ताच्या नळीवर त्यांनी स्वतः लिहिलं : 'सोबत जेवला. आजारी नाही.' चौथ्या दिवशी सर गेले.

त्यांच्या जागी आलेल्या मॅडम आता जुने नमुने लसीवर काम करणाऱ्यांकडे पाठवताहेत. काल त्यांनी शीतपेटीतून माझी नळी काढली.

"ही सगळ्यात मोलाची, भाऊ. एवढे आजारी पडले, अन् तुम्ही एकटेच धड!"

"ही नका पाठवू, मॅडम."

"काहून?"

मी दार लोटून घेतलं आणि स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.

"बसा," मी म्हणालो. "सांगतो."