कन्नडमधून दिलेली साक्ष

बेंगळुरूजवळच्या बोम्मसंद्र्यातल्या आमच्या कारखान्यात मराठी समजणारे तिघेच होतो. बेळगावकडचे साहेब, नागपूरहून सहा महिन्यांच्या इंटर्नशिपला आलेली एक मुलगी, आणि मी, सुट्या भागांची मापं तपासणारा. आमचं घराणं तीन पिढ्या बेंगळुरूत. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड.

रोज सकाळी मशीनजवळ उभ्या-उभ्या बैठक व्हायची. काम सगळ्यांना कन्नड-हिंदीत सांगून झालं, की साहेब मुलीकडे वळत. आवाज गोड, तोंड हसरं, भाषा मराठी.

"काय पाहुणीबाई, आज तरी काम करतायसा, का नुसतं मिरवायला आलायसा? बापाला सांग की, शिक्षणावर घातलं ते पाण्यात गेलं. हुंड्याला ठेवलं असतं तर कुणी पत्करली तरी असती."

साहेब हसले म्हणून बाकीचेही हसत. मी मापाच्या कागदात बघत असे.

एकदा डबा खाताना ती म्हणाली, "काका, या सगळ्यांना वाटते तो माझं कौतुक करून राहिला. कळते ते तुम्हालाच."

"मग लेखी तक्रार कर," मी म्हणालो. "मी आहे ना."

हे वाक्य मीच बोललो होतो. तिने मागितलं नव्हतं.

तिने तक्रार दिली. ऑफिसात तक्रारी बघणाऱ्या बाईंनी तिला आणि मला बोलावलं. त्यांना मराठी येत नव्हती. "साहेब नेमकं काय म्हणाले?" तिची तक्रार बाजूला ठेवून त्यांनी साक्षीदार म्हणून मला कन्नडमध्ये विचारलं.

माझी नेमणूक दरवर्षी नव्याने व्हायची आणि त्या कागदावर साहेबांची सही लागायची. ती सही त्याच महिन्यात व्हायची होती. पण खरं सांगायचं तर तेवढाही विचार मी केला नाही. तोंड उघडलं आणि कन्नडमधून बाहेर आलं, "तिकडची बोलण्याची पद्धतच तशी, मॅडम. घरच्यासारखं बोलतात. शिक्षण झालं, आता लग्नाचंही बघा, असं काळजीनं म्हणाले."

मुलीला कन्नड येत नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. माझं बोलणं संपल्यावर तिने बाईंकडे पाहून मान हलवली. हो, हो, असंच.

ती हललेली मान मी अजून विसरलेलो नाही.

तीन दिवसांनी इंग्रजीत टाईप केलेला माझा जबाब, मान्य आहे म्हणून तिच्याकडे सहीला आला. तो घेऊन ती माझ्या टेबलाशी उभी राहिली.

"काका, हे तुम्ही सांगितलं?"

"टाईप करताना काही राहिलं असेल गं."

तिने कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला.

"त्याचं मला काही नाही वाटत," ती म्हणाली. "तो तर तसाच होता. पण तुम्हाला सगळं समजत होतं नं?"

सही न करताच तिने कागद माझ्यासमोर ठेवला. सहापैकी चार महिने झाले होते. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

माझ्या नेमणुकीच्या कागदावर साहेबांची सही झाली. महिनाभरात साहेबांची नजर बैठकीत माझ्यावर येऊन थांबली.

"काय पाहुणं, चष्मा बदला की. का बायकोनं घरात बसू दिलं नाही म्हणून येतायसा हितं?"

सगळे हसले. मी आजूबाजूच्या तोंडांवरून नजर फिरवली. त्यातलं काही कळलेला एकही चेहरा नव्हता.

मग मीही हसलो.