सुभेदारकाकांचा साकव

लग्न होऊन मी सावंतवाडीहून तोंडवलीजवळच्या आमच्या वाडीत आले आणि दोनच दिवसांत शेजारच्या गृहस्थांनी माझ्या वाळत घातलेल्या लुगड्यांची तपासणी केली. कमरेला पंचा, अंगात खाकी शर्ट आणि पायांत फौजेचे जाडजूड बूट. हात पाठीमागे बांधून ते दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि म्हणाले, "सुने, लुगडी एका रांगेत नाय. फौजेत असतंस तर उन्नात उभी केली असती." मला हसावं की रडावं कळेना. सासूबाईंनी आतूनच सांगितलं की ते सुभेदारकाका, मनावर घेऊ नकोस, कोंबड्यांनाही ते असंच बोलतात. खरंच बोलायचे. आणि जळ्ळं मेलं, आमच्या कोंबड्या त्यांचं ऐकायच्याही.

काका ब्रह्मदेशात लढून, छातीवर बिल्ले लावून परत आले होते. घरी मात्र वाट बघणारं कुणी उरलं नव्हतं. ते लढाईवर असताना आषाढात काकींचे दिवस भरले आणि त्याच दिवशी वहाळाला पूर येऊन त्यावरचा साकव वाहून गेला. माडाची चार खोडं टाकून केलेला पूल तो, पाण्यापुढे कसा टिकणार? डॉक्टर पलीकडे, काकी अलीकडे. काकी गेल्या, पोरही गेलं. साकव दर पावसाळ्यात वाहून जायचा, गणपतीनंतर वाडी पुन्हा खोडं टाकायची, आणि यात काही चुकतंय असं कुणाला वाटत नसे. काकांना वाटे. सिमेंटचा पक्का साकव बांधून घ्यायचा आणि त्यासाठी पंचायतीवर निवडून यायचं, एवढंच त्यांचं राजकारण.

पहिली सभा त्यांनी देवळासमोर घेतली आणि तिथेच घोटाळा झाला. आमच्याकडे देवळासमोर उभं राहून कुणी मोठ्याने बोलू लागला की ते देवाला घातलेलं गाऱ्हाणं. बोलणारा श्वास घ्यायला थांबला की जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. जिभांना पिढ्यान्‌पिढ्यांचं वळण. काका म्हणाले, पक्का साकव बांधायचा आहे. लोक म्हणाले, व्हय म्हाराजा. काका म्हणाले, त्यासाठी मला निवडून द्यायचं आहे. लोक पुन्हा म्हणाले, व्हय म्हाराजा. काकांची छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटलं. ते दुसऱ्या दिवशी मीच शिवून दिलं.

आमच्या ह्यांनी त्यांना सुचवलं की आता घरोघर जाऊन मतं मागा. भाऊशेट दुकानदार निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभा होता आणि तो चुलीपर्यंत जाऊन बायकांची विचारपूस करत होता. काका रागावले. "कित्या फिरूचा? सगळ्या गावान देवाफुडे व्हय म्हटलेला आसा." फौजेत एकदा 'जी साब' म्हटलं की विषय संपतो, तसंच इथेही असणार अशी त्यांची समजूत.

मतदानाच्या दिवशी समुद्रात बांगडा लागला. सकाळपासून रापण टाकलेली, सगळी वाडी किनाऱ्यावर जाळ्याचा दोर ओढतेय आणि मतदानाच्या शाळेत चिटपाखरू नाही. काका शिटी फुंकत किनाऱ्यावर पोचले आणि रापणीच्या म्होरक्याला, तांडेलाला विचारलं की मत द्यायला कधी येणार. तांडेल अगदी प्रेमाने म्हणाला, "काका, देवाक सांगून झाला मां? मगे आता देव बघतलो." असं म्हणून त्याने दोर काकांच्या हातात दिला. रापण ओढली जात असताना किनाऱ्यावर नुसतं उभं राहणं आमच्याकडे वाईट दिसतं. काकांनी दोर धरला. लोक वेडेवाकडे ओढतायत हे बघून त्यांना राहवेना, म्हणून 'एक, दोन' सुरू केलं. अशी शिस्तीत ओढलेली रापण त्या किनाऱ्याने कधी पाहिली नव्हती. मासळी वाळूवर आली तेव्हा शाळेला कुलूप लागलं होतं. भाऊशेटने घरच्यांची तेवढी मतं आधीच टाकून घेतली होती, तो निवडून आला. सुभेदारकाकांचं स्वतःचं मतही पडलं नव्हतं.

संध्याकाळी वाट्याचे बांगडे घेऊन ते आमच्या पडवीत बसले. मी हसू दाबत होते, पण त्यांचा चेहरा बघितला आणि हसू जागच्या जागी विरलं. "आणखी किती पावसाळे जातले, सुने?" एवढंच म्हणाले.

पुढच्या निवडणुकीला मात्र त्यांनी रापणवाल्यांना पहाटेच रांगेत उभं केलं. आधी मत, मग दोर. सभा घेतली ती देवळापासून लांब, चिंचेखाली, आणि 'व्हय म्हाराजा' म्हणणाऱ्याला उठवून घरी पाठवलं. निवडून आले. मग मालवणच्या कचेरीत जाऊन साहेबासमोर ताठ उभे राहायचे. साहेब खुर्ची दाखवी, हे म्हणत, साकव मंजूर झाला की बसेन. आठवड्यामागून आठवडे एक माणूस समोर खांबासारखा उभा राहिला तर साहेबाने तरी काम कसं करावं? शेवटी बिचाऱ्याने सुटका करून घेतली, साकव मंजूर झाला.

साकव उभा राहिला त्याच वर्षी आषाढात माझे दिवस भरले. पाऊस नुसता कोसळत होता, वहाळ काठावर चढलेला. चौघांनी मला बाजल्यावर घातलं. काका पुढे, डोक्यावर घोंगडीची खोळ, पायांत ते बूट. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं, तरी ते मोठ्याने ओरडत होते, बाजूक व्हा, बाजूक व्हा. कळा सोसतानाही मला हसू आलं. मग साकवावर आलो. खाली पाण्याचा आवाज आणि वर त्यांचे बूट, एवढंच ऐकू येत होतं.

मुलगी झाली. काका दवाखान्याच्या दारात चिंब भिजून उभे होते. सुईणीने पोर त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते फार जपून धरलं, तिच्याकडे बघितलं, मग मान वर करून बाहेरच्या पावसाकडे बघत म्हणाले, "वेळार पोचलाव गो."

हे ते मला सांगत नव्हते.